पाण्यावर जगणारी मोटार

दवनीवाडा, ता. ८ जानेवारी १९३९

ताराचंददादा,

नमस्कार आधी आणि गाऱ्हाणे मागून, असे तूच सांगत असतोस, म्हणून नमस्कार. घरी बा, माय, सर्व खुशाल आहेत. आजारी आहे ती मोटार.

तू दिवाळीला आला नाहीस, म्हणून तू ती पाहिली नाहीस. जंगलखात्याचा एक म्हातारा साहेब नोकरी संपवून विलायतेला गेला. त्याची काळी मोटार बाने घेतली आणि तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हर मंगरू आला. मंगरू सालेकशाकडच्या जंगलातला. बारा वर्षे साहेबाजवळ होता, त्याच्याबरोबर शिमल्यालाही राहून आला. आता मोटारीच्या कोठ्याला लागून जी पडवी आहे तिथे तो राहतो. त्याला दुसरे घर नाही आणि दुसरे काम येत नाही.

ही मोटार थंड मुलखातली आहे, म्हणून तिच्यात एक वस्तू आहे जी आपल्याकडच्या मोटारींत मी पाहिली नाही. बसणाऱ्याच्या पायाशी एक लोखंडी पेटी. इंजिनातले तापलेले पाणी एका रबरी नळीने तिच्यात येते, दुसरीने परत जाते, आणि एक लहानसा पंखा त्याची ऊब पायांवर सोडतो. मंगरू तिला हीटर म्हणतो. मार्गशीर्षात एका सकाळी बा आणि मी गोंदियाला निघालो, तेव्हा बांध्यांवर इतके धुके होते की रस्ता पुढे आहे की नाही ते चार हात गेल्यावरच कळे. कापलेल्या धानाचा वास येत होता आणि माझे पाय उबदार होते. मला वाटले, मी अजून अंथरुणात आहे आणि अंथरूणच गावाबाहेर निघाले आहे.

पौष लागला तशी ती पेटी आधी कोमट झाली, मग गार पडली. पुढे आठ दिवसांत इंजिन उकळू लागले. परवा गोंदियाच्या वाटेवर तीनदा थांबावे लागले. समोरच्या झाकणातून वाफ निघत होती आणि पायाशी वारा गार. एकाच पोटात आग आणि गारठा, हे कसे रे?

फाल्गुनात शामकलाताईला बाळंतपणासाठी चिचगडहून आणायचे आहे. बैलगाडीचे धक्के तिला नकोत, असे माय म्हणते. बाचा संशय मंगरूवर आहे. "मोहाची पिऊन डबक्यातलं पानी भरत असन," असे बा काल त्याच्या तोंडावर बोलला. मंगरू पीत नाही, दादा. तो तेव्हा फडक्याने काच पुसत राहिला.

काय पाहावे, कसे पाहावे, ते लिही. मी पाहीन. हे पत्र बाला वाचता येणार नाही, तरी यात खोटे काही लिहिलेले नाही. निदान जे लिहिले आहे ते खरे आहे.

गंगा


सीताबर्डी, नागपूर, ता. १४ जानेवारी

मास्तरीणबाई,

तूनंच शिकवलेल्या अक्षरानं लिहून राहिलो, काना चुकला तर ओरडू नोको. घरात पयली शाळा तू शिकली अन् तलावाच्या पाळीवरच्या रेतीत मले 'क' गिरवायले लावला. आता मी तुले इंजिन गिरवायले लावतो.

पयले हे ऐक. इंजिन गरम असताना झाकन उघडू नोको. आमच्या वर्कशॉपातल्या कवडूनं उघडलं, तर त्याची बायको अजून त्याले भाजलेलं वांगं म्हनते.

सकाळी सारं थंड असताना झाकन काढून पानी पाय. कमी असन तर भर. मंग पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाब. बोटभर दबला तर बरा, लोंबत असन तर पंखा नुसता शोभेचा. मंग मंगरूले इंजिन चालवायले लाव, चांगलं तापू दे, बंद कराले लाव, अन् हीटरच्या दोनी नळ्यायले हात लावून पाय. दोनी गरम तर पेटीची तक्रार नाई. दोनी थंड तर पानी तिथवर जाऊनच नाई राहिलं. एक गरम अन् एक थंड असन तर पेटीच्या आत कायतरी बसलं आहे. शेवटी समोर रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरव, हळू, पोळशील.

एका पोटात आग अन् गारठा कसा म्हनून विचारलं तू. पानी फिरत असन तर ऊब सगळ्यायले वाटली जाते. पानी थांबलं का जिथं आग तिथंच आग. तलाववाल्याची पोर तू, तुले हे मी सांगावं?

अन् येवढी घाबरून काऊन राहिली? मोटार आहे, मरत नाई.

तुझा दादा


दवनीवाडा, ता. २२ जानेवारी

दादा,

तू सांगितलेस तसेच केले, एक पायरी गाळली नाही. पत्र डाव्या हातात धरले होते. मंगरू म्हणाला, "पोथी वाचून मोटार चालते हे आजच पाह्यलं, बाई." तो हसला म्हणून मीही हसले.

पाणी थोडे कमी होते, भरले. पट्टा बोटभर दबला. इंजिन तापवून बंद केले. हीटरची एक नळी इतकी गरम की बोट ठेववेना. दुसरी, पाळीवरच्या सकाळच्या दगडासारखी थंड. मी त्या थंड नळीवर हात ठेवून किती वेळ उभी होते कोण जाणे. आत कुठेतरी गुडगुड असा आवाज होत होता. आषाढात तुडूम उघडला की तलावाचे पाणी पाळीखालच्या त्या तोंडातून निघताना गळ्यात काही अडकल्यासारखे बोलते, तसा. मला वाटले, ती मला काही सांगते आहे आणि मला ते ऐकायचे नाही.

मग बा आला. त्याने रेडिएटरवर आपला तळहात ठेवला. आपल्या आजोबांनी आणि त्यांच्या आजोबांनी तलाव बांधले. बाचा हात पाण्याला ओळखतो. वर पोळते, मध्ये गार, एका कोपऱ्यात पुन्हा गरम. तो म्हणाला, "हे गाळानं बसलेलं पाट आहे. वरून पानी येते अन् खाली उतरत नाई." अगदी बरोबर ओळखले. आणि लगेच मंगरूकडे वळून म्हणाला, "गाळ आपोआप येत नसते. कोनी आनते तवा येते."

मंगरू मान खाली घालून उभा होता. मी तिथेच होते, दादा.

तुला एक विचारते, हसू नकोस. एखादा दाणा आत गेला तर? कोठ्यात तांदळाची पोती असतात, उंदीर असतात. समज, काही दाणे पाण्यात पडले, तर ते विरून जातात ना? कापडातला रंग जसा पाण्याने जातो तसे?

रात्री मला स्वप्न पडते की मोटार तलावावर तरंगते आहे आणि तिच्या झाकणातून कमळे बाहेर येत आहेत. माय म्हणते, ताप असेल. ताप नाही.

गंगा


सीताबर्डी, नागपूर, ता. २९ जानेवारी

गंगे,

उंदीर झाकन फिरवून दाने टाकून राहिले का तुमच्याकडं? मोटार होय का कोंबडी? तुझा प्रश्न मी वर्कशॉपात वाचून दाखवला, दिवसभर काम झालं नाई.

मोठेबानं, तुह्या बानं, जे ओळखलं तेच खरं. मी असे डायवर लय पाह्यले. विहिरीवर जायचा कंटाळा, मंग नालीचं, म्हशीच्या टाक्यातलं, जे हाताशी असन ते भरतात. साहेबाचा मानूस म्हनून कोनी बोलत नाई. तू पोरीची जात, तुले त्याची दया येऊन राहिली, अन् मले तुह्या बहिनीची काळजी. शामकला पोटुशी असताना जंगलात गाडी बंद पडली तर?

म्हनून मी मोठेबाले येगळं पत्र टाकलं. मनात होतं ते साफ लिहिलं. तूच वाचून दाखवशील, नीट वाच.

दादा


दवनीवाडा, ता. ६ फेब्रुवारी

दादा,

तुझे पत्र मी नीट वाचले.

तुला माहीत आहे, गावातल्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. जमुनाबाईच्या मुलाने घरी येत नाही असे लिहिले होते, तेही मी जसेच्या तसे वाचले, एक शब्द मऊ केला नाही. "उदारामची पोर अक्षर खात नाई," असे लोक म्हणतात. बाला याचा फार अभिमान आहे. बा ओट्यावर बसला होता, माय दारात, मंगरू अंगणात मोटारीचे चाक धूत होता. मी वाचू लागले. खाली काय लिहिले आहे ते मला आधीच दिसले होते. "डायवरनं घान पानी भरलं, हा त्याचाच कसूर आहे. त्याले ठेवू नये." ते वाक्य येईपर्यंत मला वाटत होते, मी गाळीन. गाळता आले नाही. आवाज माझाच होता, दादा, आणि मंगरूने तो ऐकला.

बा म्हणाला, "होळीपर्यंत राहा. मंग तुझा रस्ता पाय. आजपासून मोटारीले हात लावायचा नाई." गोंदियाहून नवा माणूस बघायला सांगितले आहे.

मी दुसऱ्याच्या पत्रातला एक शब्द खात नाही आणि स्वतःची अख्खी गोष्ट खाऊन बसले आहे. ती आता ऐक.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. नवा तांदूळ आला की घरातली लेक पाळीवर जाते आणि तीन मुठी तलावाला देते. ज्याच्या पाण्यावर आपण जगतो त्याला आधी घास, मग आपल्याला. शामकलाताई सासरी गेल्यापासून ते काम माझे. मोटार आली त्या दिवशी मंगरू मला म्हणाला होता, "बाई, लोक म्हनतात ही तेलावर चालते. चालते तेलावर, पन जगते पान्यावर." ते माझ्या मनात राहिले. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी तलावाला घास देऊन मी परत आले, ओटीत तांदूळ उरले होते. कोठ्यात कोणी नव्हते. मी झाकण उघडले. आत काळे पाणी, त्यात वाटीएवढे आभाळ आणि माझा चेहरा. अगदी तलाव वाटला, लहान, कोणाला न दिसणारा. मी तीन मुठी दिल्या. हळद लावलेले तांदूळ फिरत फिरत खाली गेले. मला फार बरे वाटले होते.

मी शाळेत शिकले की तांदूळ गरम पाण्यात शिजतो. माय तर न शिकता जाणते. मोटारीत पाणी तापते हे मला माहीत होते. त्याच पाण्याने माझे पाय शेकले होते. तरी ही दोन्ही मी कधी शेजारी ठेवून पाहिली नाहीत. आता रोज रात्री आतमध्ये भात शिजताना ऐकते.

मी बाला सांगितले नाही. घरातली एकटी शिकलेली मी. बा पाहुण्यांना सांगतो, "आमची गंगा चुकत नाई." हे कारण नव्हे, मला कळते. पण मला दुसरे कारणही नाही.

आत जे आहे ते कसे काढायचे ते लिही. लवकर लिही, होळी जवळ आली.

गंगा


सीताबर्डी, नागपूर, ता. ११ फेब्रुवारी

गंगे,

तुझं पत्र वाचून मी आधी हसलो. मंग पुन्हा वाचलं अन् हसू आलं नाई. ते वाक्य मी लिहिलं होतं. न पाहता, न विचारता, येवढ्या दुरून. तुह्या तोंडून ते मानसाले ऐकवलं. माझाही वाटा आहे यात.

आता काम. वरून पानी टाकून भात निघत नाई, आनखी दाटते. उलटं धुवायले लागते. रेडिएटरच्या खालचा मोठा होज, म्हंजे रबरी नळी, काढ, त्या तोंडात जोराचं पानी लाव म्हंजे जे बसलं ते वरच्या तोंडातून बाहेर येईन. हीटरलेही तसंच, जी नळी थंड आहे तिच्याकडून. लोट्यानं होनार नाई, पान्याले उंचावरचा जोर पायजे. तो जोर तुमच्या दारात आहे, मी सांगत नाई कोनता. पानी फडक्यातून गाळून घेजो. सगळं साफ निघालं का मंग भर. भरताना हीटरची चावी उघडी ठेव, झाकन उघडं ठेवून इंजिन चालव, बुडबुडे थांबले का झाकन लाव. आत हवा राहिली तर पुन्हा तेच.

अन् एक गोष्ट मंगरूले सांग, डोंगरावरच्या डायवरले माहीत असनच. चढावर इंजिन तापू लागलं तर हीटर पुरा उघडायचा. इंजिनची आग थोडी तुमच्या पायाकडं येते अन् ते सावरते. उन्हाळ्यात बसनारे शिव्या देतात, पन गाडी उकळत नाई.

मोठेबाले सांग का नोको सांगू, ते मी सांगनार नाई. पन येवढं समज, तुडूम उघडलं का भात सगळ्यायच्या समोर निघनार.

तुझा दादा


दवनीवाडा, ता. २ मार्च

दादा,

उत्तराला उशीर झाला, कारण हात रिकामे नव्हते. आता सगळे क्रमाने लिहिते.

तुझ्या पत्रातले उलटे धुण्याचे मी बाला वाचून दाखवले. उंचावरच्या पाण्याचे ऐकताच त्याचे डोळे चमकले. "तुडूम!" तो म्हणाला. बैल जुंपून मोटार पाळीखाली नेली. बाने तुडुमाच्या तोंडाला बांबूची नळी बसवली, तिच्या टोकाला जुना रबर, मध्ये मायचे लुगडे चौपदरी बांधले. गावातले पाचसहा जण जमले. मंगरू लांब, मोहाच्या झाडाखाली उभा होता, कारण त्याला हात लावायची मनाई होती. होज मीच काढला. माझ्या हातांना ग्रीसचा वास अजून येतो.

सकाळचे ऊन तलावावर पसरले होते आणि पाणी इतके स्थिर होते की पाणकोंबडी चालली की तिच्यामागे आभाळ हलत होते. बाने तुडुमाच्या खुंटीला हात घातला. मला वाटले, हा क्षण असाच राहील, खुंटी निघणार नाही, पाणी येणार नाही, मी अशीच उभी राहीन.

मी म्हणाले, "बा, थांब. पाणी यायच्या आधी ऐक."

आणि सांगितले. तांदूळ, हळद, तीन मुठी. पत्र वाचावे तसे सांगितले, एक शब्द न खाता.

बाचा हात खुंटीवरच राहिला. मग म्हणाला, "तू मोटारीले जेवू घातलं?"

कोणीतरी हसले. बाने त्याच्याकडे पाहिले तसे हसू थांबले. मग त्याने खुंटी उपसली.

आधी काही नाही. मग मोटार गडगडली, वरच्या तोंडातून काळे पाणी उसळले, आणि त्यामागून माझा भात आला. पिवळट, लोण्यासारखा मऊ, गोळ्यागोळ्यांनी. तो पाटात वाहत गेला आणि पाणकोंबड्या धावत आल्या. हीटर धुताना आणखी निघाला. शेवटी पाणी स्वच्छ झाले, इतके की त्यात बांबूची गाठ दिसत होती.

मंगरू तोवर जवळ आला होता. तो म्हणाला, "मले माहीत होतं, मालक."

"काय माहीत होतं?"

"पौषातच झाकनात दोन दाने सापडले, हळद लागलेले. वरवरचे मी काढले. आतले काढता येत नव्हते."

बा जवळजवळ ओरडला, "मंग बोलला काऊन नाई? मी तुले घालवून राहिलो होतो!"

मंगरू म्हणाला, "साहेबाजवळ मी बारा वर्षं मोटार पुसली, तेल पाजलं, पन तिले घास कोनी देला नव्हता. लेकीनं देला. आता देलेल्या घासानं ती आजारी पडली, हे कोन्या तोंडानं सांगू?"

दादा, मालक गड्याची क्षमा मागत नाही, हे तुला ठाऊक आहे. बाही मागू शकला नाही. पण आपल्या घरची दुसरी रीत आहे: तुडूम मोकळा झाला की पहिले स्वच्छ पाणी ज्याने गाळ काढला त्याच्या ओंजळीत. बाने लोटा भरला आणि सगळ्यांसमोर मंगरूपुढे धरला. "घे." मंगरूने ओंजळ पुढे केली, पाणी घेतले, आणि प्यायच्या आधी माझ्याकडे वळून म्हणाला, "अर्धं बाईचं. होज त्यायनं काढला." माझ्या ग्रीसच्या हातात त्याने ते ओतले. पाण्याला कमळाच्या देठाचा वास होता.

"पुढच्या साली घास देशीन तर टपावर ठेवजो," असे बा घरी जाताना म्हणाला. नंतर तो एकटाच हसला. "आमची गंगा चुकत नाई" हे त्याने त्यानंतर कोणाला सांगितलेले मी ऐकले नाही. मला त्याचे वाईट वाटेल असे वाटले होते, पण हलके वाटते.

परवा शामकलाताईला आणले, मोटार मंगरूच चालवत होता. येताना देवरीच्या अलीकडे जंगलातला मोठा चढ लागला. भर दुपार, पळस पेटल्यासारखे फुललेले, ताई मागे उशीला टेकून अर्धवट झोपेत. इंजिनचा आवाज जड झाला. मंगरूने माझ्याकडे पाहिले. मी खाली वाकून हीटरची चावी पुरी फिरवली. गरम वारा पायांवर आला.

ताई डोळे न उघडता म्हणाली, "कोन आग लावून राहिलं गं? फागुन आहे का पूस?"

मंगरू म्हणाला, "मोटारीले ताप आला, ताई. आपन थोडा थोडा वाटून घेऊन राहिलो."

"असं?" ताई म्हणाली, पाय पेटीजवळ घेतले आणि खरेच झोपली. मोटार उकळली नाही. चढ संपेपर्यंत पळसाची लाली काचेवरून सरकत होती आणि मला पुन्हा तेच वाटले, की अंथरूण मला घेऊन कुठेतरी चालले आहे. यावेळी मात्र मी जागी होते.

होळीला तीन दिवस आहेत. मंगरू पडवीवर नवे गवत चढवतो आहे. हे लिहिताना त्याचे ठोके ऐकू येतात. पावसाला ती गळू नये म्हणून बाने स्वतः वासे निवडून दिले.

एकच सांगायचे राहिले. त्या चढावर, दादा, माझे पाय चांगलेच भाजत होते. मी ते मागे घेतले नाहीत.

गंगा